पोटाचा घेर आणि शेतकऱ्याचे आरोग्य



बेणे, लागण, खत, पाणी, खोडवा यांविषयी आपण नेहमी बोलतो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. गटवार प्लॉट पाहणीला निघालो की चार सऱ्या ओलांडताच चाळिशीतल्या सभासदाला धाप लागते, कोणी गुडघा धरून बांधावर बसतो, कोणी खिशातून शुगरची गोळी काढतो. ऊस कितीही फर्मास आला तरी तो तोडीपर्यंत सांभाळायला मालक धडधाकट हवा. सबब लठ्ठपणाची कारणे, परिणाम व उपचार यांची माहिती येथे देत आहे. मी डॉक्टर नाही, शेतीचा माणूस आहे. तेव्हा उपचार डॉक्टरांच्याच सल्ल्याने करावेत.

१. लठ्ठपणा म्हणजे काय?

आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, तीही हप्त्याहप्त्याने व मोठ्या बांधणीपर्यंतच. काही जण हौसेने त्यानंतरही युरिया टाकत राहतात. ऊस हिरवागार दिसतो, जाणारा-येणारा म्हणतो, "काय ऊस आलाय!" पण पाणकोंब फुटतात, ऊस लोळतो आणि साखर उतारा घटतो. शरीराचेही तसेच आहे. पोट सुटले की लोक म्हणतात, "तब्येत सुधारली, खातंपितं घर आहे." आत मात्र उतारा घटत असतो. लठ्ठपणा हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे, असे जागतिक आरोग्य संघटना मानते.

आपण गाडी काट्यावर घालतो, तसे शरीरही मोजावे. वजन किलोत घ्यावे व उंची मीटरमध्ये मोजून तिच्या वर्गाने भागावे. उदाहरणार्थ, उंची १.६५ मीटर व वजन ७२ किलो असेल तर आकडा २६.४ येतो. आपल्या लोकांसाठी २३ पर्यंत ठीक, २३ च्या पुढे वजन जादा आणि २५ पासून लठ्ठपणा, असे प्रमाण धरतात.

परंतु हा काटा आपल्याला फसवतो. २००४ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा आकडा सारखाच, २२.३. पण अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती मातांचा अभ्यास झाला, त्यातही हेच दिसले. आपली बाळे वजनाने कमी भरतात, पण चरबी त्या मानाने टिकून असते आणि स्नायू कमी असतात. म्हणजे हातपाय काटकुळे व पोट पुढे, ही आपली ठेवण जन्मापासूनची.

म्हणून टेप घ्यावा. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजावा. पुरुषांचा घेर ९० सें.मी. (सुमारे साडेपस्तीस इंच) आणि स्त्रियांचा ८० सें.मी. (सुमारे साडेएकतीस इंच) पेक्षा जास्त भरला, तर वजन कमी असले तरी सावध व्हावे.

२. कारणे

(अ) *कष्ट घटले, खुराक तोच राहिला.* आपले वाडवडील मोट हाकत, कुळवामागे चालत, वस्तीवरून गावात पायी जात. आज ट्रॅक्टर आहे, मोटारसायकल आहे, ठिबक आहे. विहिरीवरची मोटारही मोबाइलवरून सुरू होते. ही प्रगती चांगलीच. पण फडात दिवसभर कोयता चालवणाऱ्याचा खुराक मोटारसायकलवरून फडाला चक्कर मारणाऱ्याने खाल्ला तर तो अंगावर साठणारच. घरच्या बायामाणसांचेही जाते-उखळ गेले.

(ब) *गोड व तेलकट.* वडा, भजी, शेव, फरसाण, मुलांच्या हातातले बिस्किटांचे पुडे व थंड पेयाच्या बाटल्या हे आता खेड्यातही रोजचे झाले. उपवासाच्या दिवशी साबुदाणा-शेंगदाण्याची खिचडी रोजच्या भाकरीपेक्षा जड पडते.

(क) *झोपमोड.* रात्रपाळीच्या विजेने जिथे पाणी द्यावे लागते तिथे झोप मोडते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हे सिद्ध झालेले आहे.

(ड) *इतर.* आनुवंशिकता, थायरॉइड ग्रंथी मंदावणे, स्त्रियांच्या अंडाशयाचे विकार, तसेच स्टेरॉइडसारखी औषधे. गुडघेदुखीवर मिळणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड असू शकते. म्हणून जाड माणसाला आळशी म्हणून हिणवू नये.

३. आपलीच साखर

आता साखर कारखान्याच्या पानावर साखरेविषयी लिहिणे अवघड, पण लपवून उपयोग नाही. कपाला दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरा. आल्यागेल्याबरोबर दिवसाला सहा कप होतात. ६० ग्रॅम रोज, म्हणजे वर्षाला जवळजवळ २२ किलो साखर नुसत्या चहातून पोटात गेली! राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार दिवसाची मर्यादा सुमारे २५ ग्रॅम आहे, आणि त्यात चहा, मिठाई, थंड पेय सगळे आले. गूळ नैसर्गिक म्हणून कितीही चालतो, हाही गैरसमज आहे. वजनाच्या दृष्टीने गूळ व साखर जवळपास सारखेच.

सभासद म्हणून सवलतीची साखर मिळणे हा आपला हक्क आहे, पण ती सारी घरातच संपवली पाहिजे असा काही पोटनियम नाही. आपला ऊस आता इथेनॉललाही जातो. कारखाना आपल्या चहाच्या कपावर चालत नाही.

४. दुष्परिणाम

पोटातील चरबी इन्सुलिनचे काम बिघडवते व मधुमेह होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत देशात सुमारे दहा कोटी मधुमेही असल्याचे आढळले. शिवाय रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, यकृतावर चरबी, घोरताना श्वास अडकणे, वंध्यत्व व काही प्रकारचे कर्करोग यांचा धोका वाढतो. चालताना प्रत्येक जादा किलोमागे गुडघ्यावर सुमारे चार किलो भार येतो.

शेतकऱ्याने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना जाते. तोडलेल्या उसाचा बुडखा पायात घुसला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. तेव्हा मधुमेही सभासदाने अनवाणी सरीत उतरू नये व रोज रात्री तळपाय पाहावेत.

५. उपचार

*पहिली पायरी : आहार व चालणे.* चहा निम्मा करावा व कपात अर्धाच चमचा साखर घालावी. ताटात आधी भाजी, कोशिंबीर व उसळ वाढावी. भाकरी-भात बेताने घ्यावा. आठवड्यात किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालावे. फडाकडे पायी जाणे सर्वांत सोपे. ७२ किलोच्या माणसाचे साडेतीन ते सात किलो जरी उतरले तरी रक्तदाब व साखरेत फरक पडतो. सुरुवातीलाच वजन उतरवले तर काहींचा मधुमेह गोळ्यांशिवायही आटोक्यात राहतो. मात्र मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना न विचारता कडक उपवास करू नये, साखर एकदम उतरते.

*दुसरी पायरी : औषधे.* भूक कमी करणारी सेमाग्लुटाइड व टिर्झेपेटाइड ही इंजेक्शने लठ्ठपणासाठी २०२५ पासून आपल्या देशात मिळू लागली. चाचण्यांत वर्ष-सव्वा वर्षात वजन सुमारे १५ ते २० टक्के घटले. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ असे त्रास होऊ शकतात, आणि औषध थांबवल्यावर उतरलेले बरेचसे वजन परत येते. गर्भवतीने ती घेऊ नयेत. शेजाऱ्याने घेतले म्हणून दुकानातून परस्पर आणू नये.

*तिसरी पायरी : शस्त्रक्रिया.* जठर लहान करण्याची किंवा अन्नमार्ग वळवण्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करतात. अति लठ्ठ किंवा लठ्ठपणासह मधुमेह असलेल्यांना तिचा चांगला उपयोग होतो. त्यानंतर आहाराचे पथ्य व जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र कायमच्या.

"महिन्यात दहा किलो कमी" अशा जाहिरातींची चूर्णे व पट्टे यांवर उसाच्या बिलाचा पैसा घालवू नये.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तदाब व साखरेची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. माती परीक्षण केल्याशिवाय खत देऊ नका, असे आम्ही नेहमी सांगतो. शरीराचेही परीक्षण तितकेच अगत्याचे आहे. तरी सर्व सभासदांनी या आठवड्यात घरातील प्रत्येक मोठ्या माणसाच्या पोटाचा घेर मोजून ऊस नोंदीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावा, ही नम्र विनंती. घेर जास्त भरला तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा.

आपला,
ऊस विकास अधिकारी