समितीच्या ऑफिसात फुकट वाय-फाय लावता येईल का?

बैठकीत हा प्रश्न आला होता. लायसन लागेल म्हणून काही जण मागे सरले. म्हणून आम्ही इथे सोप्या भाषेत लिहितो.

१) नियम काय?
९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली. त्यात किराणा दुकान, चहाटपरी किंवा आपल्यासारखी समिती लोकांना वाय-फाय देऊ शकते. लायसन, नोंदणी, फी काही नाही. मात्र घरचं कनेक्शन पासवर्डशिवाय उघडं सोडायचं नाही. 'पीडीओए' कंपनीशी जोडून घ्यायचं; कोण वापरतो त्याची नोंद ती ठेवते. वापरणाऱ्याने अॅपमध्ये मोबाइल नंबर ओटीपीने नोंदवायचा.

२) पैसे कोण भरणार?
फुकट म्हणजे बिल दुसरं कोणी भरतं. २०१५ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, राजगढ जिल्ह्यातल्या बावडीखेडा जागीर गावात चार तरुणांनी पदरचे पैसे घालून गावाला वाय-फाय दिलं. रेल्वे स्टेशनवर रोज अर्धा तास फुकट, पुढे पैसे. आपल्याला ही दुसरी रीत परवडेल. जून २०२५ मध्ये ट्रायने ठरवलं की अशा जागांना २०० एमबीपीएसपर्यंतचं कनेक्शन घरगुती दराच्या दुपटीहून महाग देता येणार नाही.

३) कुठे लावायचं?
पानठेल्यावर लावलं तर आपल्या पोरीबाळी येणार नाहीत. समितीचं ऑफिस किंवा शाळेजवळची जागा बरी. आणि हे वाय-फाय धरणावर पोचत नाही! दामिनी अॅप वीज पडण्याचा इशारा देतं, पण पाण्यात नेटवर्क नसेल तर इशाराही येत नाही. निघण्याआधी बघा, आणि गडगडाट ऐकू आला की इशाऱ्याची वाट न बघता डोंगा काठाला लावा.

४) उपयोग काय?
एनएफडीपी पोर्टलवर मच्छीमार नोंदणी, योजनांचे फॉर्म, मुलांचा अभ्यास. आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणा, ओटीपी त्यावरच येतो.

५) सावधान!
• नाव नीट वाचून मगच जोडा. सारख्या नावाचं खोटं वाय-फायही असतं.
• पैशांचे व्यवहार स्वतःच्या नेटवर करा.
• ओटीपी, यूपीआय पिन कोणालाही सांगू नका, आम्हालाही नाही.
• दुसऱ्याच्या फोनवर काढलेला आधारचा फोटो लगेच पुसा.

पुढच्या बैठकीत दोनच गोष्टी ठरवू: महिन्याचं बिल कसं वाटायचं आणि मशीन कोण सांभाळणार. घरच्या बायामाणसांनाही सोबत आणा.