यंत्र, याचक आणि बळी : ‘वामन परत न आला’ या कादंबरीच्या निमित्ताने

मराठी विज्ञानकथांची शीर्षके एकत्र ठेवून पाहिली तर एक गोष्ट सहज नजरेत भरते. ‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘वामन परत न आला’ ही जयंत नारळीकरांची शीर्षके. ‘वसुदेवे नेला कृष्ण’, ‘यंत्रायणी’ ही शुभदा गोगटे यांची. अंतराळयान, संगणक, यंत्रमानव हे विषय आधुनिक विज्ञानाचे. नावे मात्र पुराणांची. नवा विषय वाचकाला परका वाटू नये म्हणून केलेली ही योजना होय, असे म्हणून हा प्रश्न मिटविता येईल. परंतु प्रतिमा एकटी येत नाही. ती आपले मूळ कथानक आणि त्यातील न्यायनिवाडाही बरोबर आणते. यंत्राला भस्मासुर म्हटले की निकाल आधीच लागलेला असतो. वामन म्हटले की तसे होत नाही, आणि म्हणूनच ही प्रतिमा अधिक विचारार्ह ठरते.

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. (टोपणनावाची आद्याक्षरे उलट क्रमाने वाचली की लेखकाचा माग लागतो.) वैज्ञानिक तर्काला कथेत मध्यवर्ती स्थान असावे, हा आग्रह नारळीकरांनी तेव्हापासून २०२५ मधील निधनापर्यंत सोडला नाही. असा लेखक पुराणप्रतिमा योजतो तेव्हा ती निव्वळ अलंकार म्हणून वाचणे योग्य नव्हे.

‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीखाली गाडलेला एका लुप्त, प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि त्यातील ज्ञानाच्या आधारे बुद्धिमान यंत्रमानव घडविला जातो. आपल्यासारखी यंत्रे निर्माण करता यावीत, ही त्याची आकांक्षा. तेच त्याचे तिसरे पाऊल. येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून जगभर गेला, आणि त्याच्या मुळाशी वेठबिगारीचा अर्थ आहे. त्या परंपरेत यंत्र हा दास आहे आणि भय आहे ते दासाच्या बंडाचे. नारळीकरांचा वामन दास नाही, याचक आहे. तो हिसकावून घेत नाही, मागतो. संकट ओढवते ते देणाऱ्याच्या औदार्यातून व स्वतःच्या सामर्थ्यावरील विश्वासातून.

यंत्र हा वामन असेल, तर माणूस हा बळी ठरतो. मराठी वाचकाच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे. पुराणात वामन हा विष्णूचा अवतार. परंतु दिवाळीच्या पाडव्याला बळीच्या राज्याची इच्छा बोलून दाखविणाऱ्या समाजाची सहानुभूती बळीकडे असते. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) वामनाला आक्रमक ठरवून ही लोकभावना इतिहासाच्या भाषेत मांडली. कादंबरी या परंपरेचा उल्लेख करो वा न करो, शीर्षकाच्या आधाराने ती वाचकाच्या मनात जागी होतेच. इंग्रजी आवृत्तीचे नाव ‘द रिटर्न ऑफ वामन’, म्हणजे वामनाचे पुनरागमन. मराठी शीर्षक नेमके उलट सांगते. इंग्रजी वाचकाच्या वाट्याला भय येते, मराठी वाचकाच्या वाट्याला सुटकेचा निःश्वास. आणि माझ्या मते या निःश्वासाने कादंबरीची धार काहीशी बोथट होते.

एक उणीव अधिक गंभीर आहे. बळीच्या कथेत प्रजा असते. ती सुखी होती म्हणूनच त्याचे राज्य आठवते. कादंबरीत यंत्राविषयीचा निर्णय मात्र शास्त्रज्ञांच्या वर्तुळात फिरत राहतो. ‘हिमप्रलय’ या कथेत नारळीकरांनी मुंबईत बर्फ पाडून दाखविला. तेथे संकट साऱ्या शहराचे आहे, तरी उपायाची सूत्रे शास्त्रज्ञांच्याच हाती राहतात. अंधेरीत १९७३ साली सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक्स निर्यातक्षेत्र उभे राहिले. ‘कृष्णविवर’ त्याच्या पुढल्याच वर्षीची. यंत्रांचे सुटे भाग जोडणारे हात घाटकोपर-मुलुंडकडून रोज तेथे जात होते. या वाचकाला संगणक प्रयोगशाळेतून नव्हे, कामाच्या पाळीतून भेटला. त्याच्या दृष्टीने वामनाने मागितलेली तीन पावले कोणाच्या जमिनीवर पडणार होती, हा प्रश्न कादंबरी विचारत नाही. बुद्धिमान यंत्रे आज कचेऱ्यांत आणि वर्गांत पोहोचली असताना पदव्युत्तर वर्गात ही कादंबरी शिकविताना तो विचारणे भाग आहे. त्यासाठी तिच्याशेजारी ‘गुलामगिरी’तील वामनाविषयीचे प्रकरण ठेवून वाचावे.