पाळलेला साप आणि घरातली माणसं

गुलमंडीतल्या एका आजींनी विचारलंय: नातवाने बॉल पायथन आणलाय, विषारी नाही म्हणतो, पण घरात दीड वर्षाची नात आहे. घाबरायचं कारण आहे का?

बॉल पायथन बिनविषारी, हे खरं. तरी तो चावतो, आणि बऱ्याचदा रागाने नव्हे, भक्ष्य समजून. उंदीर हाताळलेल्या हाताला उंदराचाच वास येतो. म्हणून पेटीत हात घालण्याआधी साबणाने धुवा आणि खाऊ लांब चिमट्याने द्या. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला उचलू नका, ओकतो. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, धड दिसत नाही. तेव्हाही लांब राहा. उचलताना वरून डोक्यावर हात नको. बाजूने, मधल्या धडाखाली आधार द्या. गळ्यात घालून रील काढायची हौस असेल, तर ती सोडा.

चावून धरलंच, तर हात ओढू नका. दात आत वळलेले असतात. ओढल्याने कातडी फाटते, दात मोडून आत राहतो. तोंडावर गार पाणी ओता, बहुधा सोडतो. जखम साबण-पाण्याने नीट धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरकडे जा.

नातीला खरा धोका चाव्याचा नाही, साल्मोनेलाचा आहे. ठणठणीत दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही हे जंतू असतात. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि म्हाताऱ्यांनी साप हाताळू नये. त्याचं पाण्याचं भांडं स्वयंपाकघरात धुवायचं नाही. गोठवलेले उंदीर दुधा-दह्याच्या फ्रिजमध्ये ठेवणारेही आहेत. त्यांना काय म्हणावं!

नातवाला आणखी एक विचारा: केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केली का? बॉल पायथनला ती लागते. आपल्याकडचे साप मात्र पाळताच येत नाहीत; १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते गुन्हा ठरतं. आणि पायथनवर सरावलेला हात भलत्या सापाकडेही सहज जातो. अजगराचं पिल्लू समजून लोक घोणस उचलतात. जुन्या वाड्यांत पाली खायला येणारा कवड्या बिनविषारी, पण तसेच पांढरे पट्टे मण्यारलाही असतात. मण्यारचा चावा दुखत नाही, खूणही दिसत नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पोटदुखीने उठला, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं, तर पित्त म्हणून घरी थांबू नका.

विषारी किंवा अनोळखी साप चावला, तर अंगठ्या-बांगड्या काढा, हातपाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. करकचून बांधणं, चिरा देणं, तोंडाने विष ओढणं यातलं काही नको. गुलमंडीहून घाटी रुग्णालय जवळ आहे. वाटेत मांत्रिकाकडे थांबू नका. साप मारून आणायची गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर बरं, नाहीतर आम्ही डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतो.

आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याच विषापासून बनते. हौसेपायी कोणी परदेशी विषारी साप घरी ठेवला आणि तो चावला, तर ही लस देऊन उपयोग नाही. असा साप कुणी विकत असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.