पन्हाळा आणि 22 इंचांचं दार

पन्हाळ्याला कसं जायचं हे सांगत बसत नाही. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर, गाडी थेट गडावर.

पन्हाळा ते पावनखिंड मी भटकंतीतल्या माझ्या सोबत्याबरोबर, अण्णाबरोबर, तीनदा चाललोय, भर जुलैत, चिखल तुडवत. मग त्याचा अपघात झाला, कमरेखालच्या संवेदना गेल्या, व्हीलचेअर आली. गेल्या डिसेंबरात त्यानेच विषय काढला, "खिंड राहू दे रे, गडावर तरी नेतोस का?"

लॉजवर फोन केला. "व्हीलचेअर आहे, चालेल ना?" "या हो, तळमजल्याची खोली देतो." मी खूश.

रात्री नऊला पोचलो. खोली तळमजल्यावरच होती, पण दारात दोन पायऱ्या. त्या उचलून पार केल्या. खुर्ची बाथरूमच्या दारात अडकली ती अडकलीच. मॅनेजरने शेजारच्या शिंप्याला उठवून टेप आणली. दार 22 इंच, खुर्ची चाकांच्या कड्यांसकट 25. खाली चार इंचांचा उंबरा, आत भारतीय संडास. मी ओशाळून उभा, अण्णा हसत होता. म्हणाला, "तू कधी दार मोजलंयस का?" शेवटी तिथल्या वेटरने घरून आजीची कमोडची खुर्ची मोटारसायकलवर आडवी टाकून आणली. ती दाराच्या आत, व्हीलचेअर बाहेर, ब्रेक लावलेली. अण्णा हातांच्या जोरावर इकडून तिकडे सरकला. आजीने ती रात्र कशी निभावली, हे विचारायचं राहूनच गेलं.

तेव्हा "चालेल का?" असं विचारूच नका, उत्तर "या हो" असंच येतं. दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किती इंच? पायऱ्या किती, उंबरा किती, संडास कोणता? दारावर टेप धरून फोटो मागवा. उताराचं गणितही सोपं आहे: एक इंच चढायला एक फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्यांना बारा फूट उतार लागतो. लॉजवाल्याची चार फुटी फळी म्हणजे घसरगुंडी. त्यापेक्षा खुर्ची मागे कलवून, पाठमोरी, एकेक पायरी वर ओढा. एक जण मागे, एक पुढे.

सकाळी गड मात्र अनपेक्षित जमला. तीन दरवाजातून अण्णा खुर्चीवरूनच गेला. तिथली फरशी खाचखळग्यांची, पुढची लहान चाकं फटीत रुततात. म्हणून खुर्ची मागे कलवून मोठ्या चाकांवर न्यायची आणि उतारावर पाठमोरी सोडायची. शेजारच्या अंधारबावीत पायऱ्या, सज्जाकोठीतही. ती दोन्ही त्याने बाहेरूनच पाहिली. दर अर्ध्या तासाने तो हातांवर अंग उचलून धरतो, नाहीतर बसून बसून जखमा होतात. तेवढा वेळ धरूनच बेत आखा, 'सहा पॉइंट तीन तासांत' विसरा.

इतिहास थोडक्यात: 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चारेक महिने चालला, जुलैतल्या एका रात्री महाराज निसटले. बाकी तुम्हाला पाठ आहे. अण्णाला तर वाटसुद्धा पाठ आहे. तटावरून बोट दाखवून तो एकेक वळण सांगत होता आणि शेजारचा एक 'खरा ट्रेकर' टीशर्टवाला तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याआधी याच पठ्ठ्याने न विचारता खुर्चीच्या मुठी धरून जोरात ढकललं होतं, अण्णा पडता पडता वाचला. मदत करायची तर आधी विचारा. गाडीने गड चढणारे भटके नव्हेत असं मीही पूर्वी म्हणायचो, आता तोंड मिटून आहे.

आणि बिअरच्या बाटल्या फोडणाऱ्यांनो, तुमच्या काचेने आमचं चाक पंक्चर झालं. हवेचे टायर असतील तर हातपंप आणि जादा ट्यूब सोबत ठेवाच.

जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्यात ओल्या फरशीवर खुर्ची आवरत नाही. टेप घरूनच न्या, प्रत्येक लॉजशेजारी शिंपी नसतो.