अवहेलनेचें भय कसें मोजावें?

अंगांतील ताप मोजण्यास थर्मामीटर आहे, रक्तांतील साखर मोजण्यास यंत्र आहे; परंतु ‘लोक काय म्हणतील?’ ह्या भयाचें माप कशानें घ्यावें? विद्यार्थिमित्रांनो, हा प्रश्न थट्टेचा वाटेल. पण पुष्कळांचें आरोग्य त्यावर अवलंबून आहे.

समजा, सातारा जिल्ह्यांतील पाटणच्या बाजूस एका शेतकऱ्याच्या पाठीवर फिकट चट्टा उठला, आणि त्या जागीं टोंचलेलें त्याला कळेनासें झालें. हें कुष्ठरोगाचें लक्षण असूं शकतें. ह्या रोगाचा जंतु नॉर्वे देशांतील डॉ. हॅन्सेन ह्यांनीं १८७३ सालीं शोधून काढला. आज सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधांनीं तो पूर्ण बरा होतो, आणि हीं औषधें सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. उपचार सुरू झाल्यावर लवकरच रुग्णापासून संसर्गाची भीति उरत नाहीं. तरीहि हा गृहस्थ सदऱ्याखालीं चट्टा झांकून घरीं बसतो. त्याला अद्याप कोणी एक शब्दहि बोललेलें नाहीं. पण मुलीचें लग्न मोडेल, शेजारी पाणी घेणार नाहींत, असें त्याच्या मनानें आधींच ठरविलें आहे. असे महिने जातात, मज्जातंतु निकामी होतात व बोटें वांकडीं होतात. मिरजेस डॉ. वानलेस ह्यांनीं १८९४ सालीं मिशन रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून ह्या भागांत वैद्यकीय सेवेची मोठी परंपरा आहे. परंतु रुग्णालय जवळ असणें आणि रुग्णानें तेथें पाऊल टाकणें ह्या दोन गोष्टी निराळ्या होत.

प्रत्यक्ष झालेली अवहेलना आणि होईल म्हणून वाटणारी अवहेलना, हा भेद ब्रिटनमधील स्कॅम्बलर व हॉपकिन्स ह्यांनीं १९८६ सालीं फेफऱ्याच्या रुग्णांचा अभ्यास करून मांडला. लोकांच्या वागणुकीपेक्षां तिच्या भयानेंच रुग्णांचें जीवन अधिक विस्कळित होतें, असें त्यांस आढळलें.

ह्या भयाचें माप प्रश्नांनीं घेतात. दीर्घकाळच्या दुखण्यांसाठीं अमेरिकेंत अर्नशॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१३ सालीं एक श्रेणी प्रसिद्ध केली. तींत बारा प्रश्न असून चार आप्तमित्रांविषयीं, चार कामाच्या ठिकाणच्या लोकांविषयीं व चार दवाखान्यांतील माणसांविषयीं आहेत. अमुक वाईट वागणूक मिळणें कितपत संभवनीय वाटतें, ह्याला १ पासून ५ पर्यंत अंक द्यावयाचा. १ म्हणजे मुळींच संभव नाहीं, ५ म्हणजे फारच संभव.

उदाहरण घेऊं. सांगलीच्या पेठेंतील एका मधुमेही गुमास्त्यानें घरच्या प्रश्नांना १, २, १, २ असे अंक दिले. बेरीज ६, सरासरी १·५. दुकानाविषयीं ४, ५, ४, ५. बेरीज १८, सरासरी ४·५. दवाखान्याविषयीं ३, ३, २, ४. बेरीज १२, सरासरी ३. ह्यावरून हा मनुष्य घरीं निर्धास्त आहे, पण दुकानांत भितो, हें उघड झालें. दुपारची इन्शुलिनची सुई तो कां चुकवितो, ह्याचा शोध कोठें घ्यावा तेंहि कळलें.

मात्र परदेशचें माप जसेंच्या तसें येथें चालत नाहीं. शेतकऱ्याला कचेरींतील सहकारी कोठले? त्याला भय असतें तें भावकीचें व सोयरिकीचें. म्हणून १९९२ सालीं डॉ. मिचेल वाइस व मुंबईतील डॉक्टरांनीं कुष्ठरुग्णांच्या अभ्यासावरून जी प्रश्नपद्धति प्रसिद्ध केली, ती महत्त्वाची आहे. तींतून निघालेल्या श्रेणींत रोग लपवावासा वाटतो काय, विवाहांत अडचण येते काय, असेहि प्रश्न येतात. प्रश्न रुग्णाच्या बोलींत व एकांतांत विचारावेत. घरच्यांसमोर खरें उत्तर मिळणें कठीण.

पालकांनीं असें म्हणूं नये कीं हें भय निव्वळ कल्पनेचें आहे. कुष्ठरुग्णांस वेगळें ठेवण्याचा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण २०१९ सालीं कायद्यांतून काढलें गेलें. इतकीं वर्षें जें कायद्यांत होतें, तें मनांतून एका दिवसांत कसें जावें?

पण श्रेणीवरचा अंक कमी होऊं शकतो, आणि तें काम आपल्या हातीं आहे. वर्गांत कोणास फेफरें आलें तर त्याची नक्कल करूं नये, कोणाच्या गोळ्यांविषयीं चारचौघांत विचारूं नये, व आजारांतून परतलेल्या सोबत्याची बांकावरील जागा त्याच्यासाठीं राखावी. शुभवर्तमानांत प्रभु येशूनें कुष्ठरोग्यास बरें करतांना त्याला हात लावला, असें सांगितलें आहे. त्या स्पर्शाचा अर्थ आम्हीं आमच्या वर्गांत, घरांत व गांवांत आचरणानें शिकावा, हीच ह्या पाठाची फलश्रुति होय.