पथ्याचा शिधा घरपोच

प्रश्न : महाड-पोलादपुरात पथ्यानुसार मोजलेला शिधा घरपोच देण्याचा व्यवसाय चालेल काय?

उत्तर : ‘मील किट’, म्हणजे एका जेवणापुरते मोजलेले, न शिजवलेले जिन्नस, शहरात बहुधा चिरलेल्या भाजीवर चालते, परंतु पोलादपूरच्या विखुरलेल्या वाड्यांपर्यंत ती थंड ठेवून नेण्याचा खर्च एका पुड्याच्या किमतीत बसणे कठीण असल्याने नाचणी, वरी, कुळीथ व कोरडा मसाला यांचा आठवड्याचा संच अधिक व्यवहार्य ठरतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी आवश्यक असून तिचा १४ अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. नाचणीही पिष्टमयच असल्याने मधुमेहींच्या पुड्यात मापालाच महत्त्व आहे; ‘मधुमेह बरा होतो’ असे मात्र छापता येत नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीच्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली होती, तेव्हा कोठार वरच्या मजल्यावर असावे.