विहिरीची जागा व विद्युत्-रोध मापन

विहिरीत शेतकऱ्याची पुंजी खर्ची पडते. म्हणून खोदाईपूर्वी भूगर्भाची परीक्षा करावी. विद्युत्-रोध मापन हा तिचा एक मार्ग होय. चार लोखंडी खुंट्या एका रेषेत समान अंतरावर रोवतात. बाहेरच्या दोहोंतून वीज सोडतात व आतल्या दोहोंमधील विद्युत्-दाब मोजून थरांचा रोध काढतात. खुंट्यांमधील अंतर वाढविल्यास अधिक खोलीची माहिती मिळते.

दख्खनच्या अखंड काळ्या पाषाणाचा रोध फार असतो. पाणी धरणाऱ्या मुरुमाचा व भेगाळ खडकाचा कमी. परंतु चिकणमातीचा व खाऱ्या पाण्याच्या थराचा रोधही कमीच भरतो. यंत्र पाणी दाखवीत नाही, केवळ रोध दाखविते. यास्तव ग्रामकार्यकर्त्यांनी शेजारच्या विहिरींतील थर व उन्हाळ्यातील पाण्याची पातळी नोंदवावी आणि ती मापनाशी ताडून मगच खोदाईचा सल्ला द्यावा.